बुधवारचा पिझ्झा वातड का होतो?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या वाचक नाशिकच्या, बँकेत नोकरीला, वय चाळिशीच्या आसपास. घरात नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. बुधवारी त्यांना घरी यायला साडेआठ होतात आणि नवरा बहुतेक फिरतीवर असतो. म्हणून त्या एक रविवार आड घरी आठ पिझ्झे करतात. चार त्याच दिवशी संपतात. उरलेले चार पूर्ण भाजून, कापून फ्रीझरमध्ये जातात. बुधवारी मुलं ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खातात. खातात म्हणजे वरचं चीज खातात आणि कडा ताटात टाकतात. ‘पहिल्या मिनिटाला लिबलिबीत, पाचव्या मिनिटाला वहाणेचं कातडं’ हे वर्णन त्यांचंच. मुलगी म्हणते, त्यापेक्षा बाहेरून मागव. सासूबाई म्हणतात, बर्फात घातलं म्हणून शिळं ताजं होत नाही, पोरांना तामस अन्न घालू नकोस. त्यात गेल्या मे महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला मागवलेले पिझ्झे उरले, खोक्यासकट रात्रभर टेबलावर राहिले, सकाळी मुलांना गरम करून दिले आणि दुपारपर्यंत दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. तेव्हापासून ‘ठेवलेला पिझ्झा बाधतो’ हे घरात पक्कं झालं आहे. फ्रीझरमध्ये जागाही नसते, कारण निम्मा कप्पा सासूबाईंच्या खवलेल्या नारळाने आणि सोललेल्या मटारने भरलेला असतो. त्या विचारतात, ‘मी आळशी आहे का? माझ्या सोयीसाठी मुलांना शिळं घालते आहे का? की हे सगळं सोडून बाहेरून मागवू?’

प्रिय मैत्रीण,

आठ पिझ्झ्यांचं पीठ रविवारी मळणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं असेल, तर उद्योगी कोणाला म्हणायचं ते मला माहीत नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. पण तुमच्या पत्रात पिझ्झा वातड होणं, पिझ्झा शिळा असणं आणि पिझ्झा बाधणं हे सगळं एकाच ताटात वाढलं गेलं आहे, आणि त्यामुळे घरातला प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीवर भांडतो आहे.

आधी मे महिन्याचं बघू, कारण खरी भीती तिथे आहे. तुम्ही सगळं सांगितलंत, फक्त एक गोष्ट तुमच्याही नजरेतून निसटली. तो पिझ्झा फ्रीझरमध्ये कधी गेलाच नव्हता. तो रात्रभर टेबलावर होता, तोही मे महिन्यात. मी डॉक्टर नाही, त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण संशय घ्यायचा तर तो टेबलावर घ्यावा लागेल. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नाशिकची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण मे महिन्यात तिथेही पारा चाळिशीला टेकतो.

आणि ‘चांगलं कडकडीत गरम करून दिलं होतं’ हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे. इथे बहुतेक आया फसतात. गरम केल्याने जंतू मरतात हे खरं. पण काही जंतू वाढताना अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळूनही जात नाही. आपल्या हातावर, नाकात सहज सापडणारा स्टॅफिलोकोकस त्यातलाच. वाढदिवसाला दहा मुलांचे हात त्या खोक्यात गेले असतील. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेला पिझ्झा सकाळी कितीही तापवला तरी तो टाकायचाच होता. हे ऐकायला कडू आहे, आणि अन्न टाकताना आपला हात अडखळतो तेही मला ठाऊक आहे. पण याच कारणासाठी फ्रीझर हवा. मेणबत्त्या विझवून, फोटो काढून झाले, की उरलेले तुकडे तासाभरात आत.

फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. आत गेलं तेव्हा अन्न जसं होतं तसंच ते बाहेर येतं. चांगलं ठेवलं तर चांगलं, बिघडलेलं ठेवलं तर बिघडलेलं. सासूबाई म्हणतात, बर्फात ठेवलं म्हणून शिळं ताजं होत नाही. अगदी बरोबर बोलतात. फक्त ताजं ठेवलं तर ते शिळंही होत नाही, हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी सोडला.

आता ‘तामस’ या शब्दाकडे येते, कारण तो तुम्हाला लागलेला दिसतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराचं वर्णन आहे आणि त्यात शिळं अन्न येतं, हे खरंच. तिथेच ‘यातयाम’ असाही शब्द आहे. शिजवून एक याम, म्हणजे एक प्रहर उलटलेलं, असा त्याचा एक अर्थ लावतात. प्रहर म्हणजे तीन तास. आता हिशोब करा. तुम्ही सकाळी सहाला उठून मुलांचे आणि स्वतःचे डबे भरता. मुलं मधल्या सुट्टीत खातात, तुम्ही बँकेत दीड वाजता खाता. तुमच्या डब्यातल्या भेंडीच्या भाजीचे दोन प्रहर तर बाराच्या ठोक्यालाच उलटलेले असतात. त्या भाजीला घरात कोणी तामस म्हणत नाही, आणि म्हणूही नये. म्हणजे शिळं कशाला म्हणायचं याची रेघ प्रत्येक घर आपापल्या सोयीनेच ओढत आलं आहे. माझ्या आईच्या घरी रात्रीची पोळी सकाळी फोडणीची पोळी होऊन यायची आणि आम्ही भावंडं तिच्यावर तुटून पडायचो. शीतला सप्तमीला तर आदल्या दिवशीचं खायचं हाच नेम. तुमच्या फ्रीझरमधले सोललेले मटार डिसेंबरचे असतील आणि ते जूनच्या उसळीत पडत असतील. ते शिळे नाहीत, मग बुधवारचा पिझ्झा कसा?

हा युक्तिवाद मी तुमच्या हातात शस्त्र म्हणून देत नाही, बरं का. जेवणाच्या टेबलावर तो सासूबाईंना ऐकवू नका. मटारचा उल्लेख तर मुळीच नको. तो तुमच्या मनासाठी आहे, कारण पत्र वाचताना मला वाटलं की सासूबाईंपेक्षा तुम्हीच स्वतःला जास्त टोचून घेता आहात.

बरं, पण पिझ्झा वातड होतो, ही तक्रार खरी आहे. मुलं कडा टाकतात त्यात त्यांचे लाड नाहीत. सात-आठ वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच फसले होते. ओव्हनमधून काढलेला गरम पिझ्झा घाईघाईत फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये कोंबला. चार दिवसांनी उघडला तर आत बर्फाचा पापुद्रा, आणि गरम केल्यावर खाली तळं. नवऱ्याने चमच्याने खाल्ला. त्यावर तो अजून बोलतो.

वातडपणा कुठून येतो ते समजलं की उपाय आपोआप सुचतात. तुम्ही फ्रिजमधला भात पाहिला असेल. रात्री मऊ असलेला भात सकाळी मोकळा आणि टणक होतो, म्हणूनच फोडणीच्या भाताला तो चांगला. त्यातलं पाणी कुठे गेलेलं नसतं. शिजताना पिठूळ पदार्थातला स्टार्च पाणी पिऊन सैल होतो आणि थंड होताना तो पुन्हा घट्ट रांगेत बसायला लागतो. ब्रेडचं, पावाचं, पिझ्झ्याच्या बुडाचं हेच होतं. आणि मजा अशी की ही रांग सगळ्यात वेगाने लागते ती शून्याच्या थोडं वर, म्हणजे आपल्या फ्रिजच्या साध्या कप्प्यात. पाव फ्रिजमध्ये ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो तो यामुळेच. उणे १८ अंशांना मात्र हे काम जवळजवळ थांबतं. त्यामुळे पिझ्झा दुसऱ्याच दिवशी खायचा असेल तर फ्रिज चालेल, हवाबंद डब्यात तीन-चार दिवस तो सुरक्षितही राहतो, पण बूड कडक होणार हे धरून चाला. त्यापुढे ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझर. फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवून मग ‘आता नको, आत टाकू’ म्हणून गोठवला, तर तो कडक झालेलाच गोठतो.

दिलासा असा की ही रांग उष्णतेने मोडते. बूड साठ-सत्तर अंशांच्या पुढे नीट तापलं की पुन्हा मऊ होतं. पण थोड्या वेळापुरतंच. पुन्हा गार झालं की पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त कडक होतं. तुमचं ‘पाचव्या मिनिटाला कातडं’ ते हेच.

या आगीत मायक्रोवेव्ह तेल ओततो. तो मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतो. पाण्याची वाफ होते, ती बुडातून बाहेर पडताना बुडालाच भिजवते, म्हणून आधी लिबलिबीत. मग ती उडून जाते, म्हणून नंतर चिवट. खरपूस व्हायला पृष्ठभाग शंभर अंशांच्या बराच वर जावा लागतो, तो तिथे जातच नाही. गोठलेल्या तुकड्याचं आणखी एक दुखणं आहे. बर्फ मायक्रोवेव्हची ऊर्जा फार कमी घेतो, पाणी भरपूर घेतं. जो कोपरा आधी वितळला तो उकळायला लागतो आणि शेजारी बर्फ तसाच. मुलं मग अजून एक मिनिट लावतात. तिथे पिझ्झा संपतो.

माझं मत स्पष्ट सांगते. तुम्ही चूक गरम करताना करत नाही आहात, त्याआधीच करता आहात. पूर्ण झालेला पिझ्झा गोठवूच नका. अर्धा झालेला गोठवा.

म्हणजे असं. रविवारी नेहमीसारखं पीठ मळा. अर्धा किलो मैद्याला साधारण ३०० मिली पाणी, दोन चमचे तेल, १० ग्रॅम मीठ आणि ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, यात नऊ इंची चार बेस होतात. पीठ फुगलं की लाटून काट्याने टोचे मारा, आणि वर काहीही न घालता ओटीजीत (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) २२० अंशांना चार-पाच मिनिटं भाजा. रंग येता कामा नये. बोटाने दाबलं तर मऊ, पण पीठ चिकटत नाही, इतकंच. ओटीजी नसेल तर तव्यावर एका बाजूने दीड-दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने एक, आपण फुलके अर्धवट शेकून ठेवतो तसं. मग जाळीवर पूर्ण गार करा. ‘पूर्ण’ या शब्दावर मी अडून बसणार आहे, कारण माझं तळं याच शब्दाशी झालं होतं. कोमट बेस गुंडाळला की वाफ आत कोंडते, तिचा बर्फ होतो आणि बुधवारी त्याचं पाणी होतं.

गार झालेले बेस ताटलीत पसरून दोन-तीन तास उघडेच गोठवा. टणक झाले की मध्ये बटर पेपर घालत एकावर एक रचा, क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा, वर झिपची पिशवी, हवा हाताने दाबून काढलेली. पिशवीवर तारीख. दुहेरी गुंडाळण्याचं कारण असं की फ्रीझरची कोरडी हवा अन्नातला बर्फ न वितळवताच उडवून नेते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजात पंखा असतो, तिथे आणखी जास्त. कडेला पांढरट, थर्माकोलसारखे डाग दिसतात ते याचेच. खाल्ले तर काही होत नाही, चव मात्र जाते. असे बेस महिना-दीड महिना छान राहतात. पुढेही बिघडत नाहीत, पण मग करण्यात मजा नाही.

सॉस वेगळा गोठवा. बर्फाच्या ट्रेमध्ये घालून खडे करा आणि पिशवीत टाका, एका पिझ्झ्याला दोन-तीन खडे पुरतात. मोझरेला किसूनच ठेवा, कारण गोठलेली वडी नंतर किसायला गेलं की भुगा होतो. किसलेलं चीज न वितळवता तसंच पसरायचं. आता भाज्या. ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो कच्चे गोठवले की बर्फाचे स्फटिक त्यांच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर सगळं पाणी सुटतं. तुमच्या पिझ्झ्यात निम्मं पाणी तिथून येत असणार. त्या एकतर बुधवारी ताज्या चिरा, नाहीतर मोठ्या आचेवर परतून, कोरड्या करून मग ठेवा. मक्याचे दाणे निमूट गोठतात, त्यांचा त्रास नाही. मश्रूम परतल्याशिवाय घालूच नका.

कच्चं पीठच गोठवलं तर, असं तुम्ही विचारलं आहे. चालतं, पण थंडीने थोडं यीस्ट मरतं, वितळायला अर्धा दिवस जातो आणि फुगण्याचा भरवसा नाही. बुधवारी साडेआठला हा जुगार कोण खेळणार?

बाजारातला गोठवलेला पिझ्झा चांगला लागतो, मग माझा का नाही, असंही तुमचं एक वाक्य आहे. त्यात कमीपणा मानू नका. कारखान्यात तो उणे तीस-चाळीस अंशांच्या वाऱ्यात मिनिटांत गोठतो. झटकन गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि पोत टिकतो; आपल्या फ्रीझरमध्ये तासन्‌तास लागतात, स्फटिक मोठे होतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाला हे १९१० च्या दशकात लॅब्रॅडॉरच्या, म्हणजे आताच्या कॅनडाच्या ईशान्य टोकाच्या, बर्फात कळलं. तिथले इन्युइट लोक पकडलेला मासा त्या जीवघेण्या थंडीत बाहेर टाकत, तो क्षणात गोठे, आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागे. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. आपल्याकडे तो वारा नाही. म्हणून तर पाणी कमी आणि थर पातळ ठेवायचे.

आता बुधवार संध्याकाळ. बेस फ्रीझरमधून काढा, वितळू देऊ नका. ओटीजी आधी दहा मिनिटं तापवा, सॉस, भाज्या, चीज घाला, २२० अंशांना आठ-दहा मिनिटं. पिझ्झा पहिल्यांदाच पूर्ण भाजला जातो आहे, त्यामुळे हे पुन्हा गरम करणं नाहीच. ‘शिळं’ या आरोपातली निम्मी हवा इथेच जाते. तुम्ही लिहिलंय की ओटीजी लावायला मुलांची तुम्हाला भीती वाटते. मग तवा आहे. बिडाचा जाड तवा असेल तर उत्तम. मंद आचेवर बेस ठेवायचा, एक बाजू शेकली की उलटायचा, शेकलेल्या बाजूवर सॉस आणि चीज, वर खोलगट झाकण, सहा-सात मिनिटं. तेरा वर्षांच्या मुलीला हे दोन बुधवारात जमेल. आणि तिच्या हाताने झालं की कडा ताटात राहतात का, तेही बघा.

तुमच्याकडचा मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजण्याची सोय असलेला आहे, असं पत्रातल्या वर्णनावरून वाटतं; जाळीचा स्टँड सोबत आला होता म्हणता ना. तो कुठल्यातरी कपाटात पडला असेल, शोधा. आपल्यातल्या निम्म्या घरांत ओव्हन असूनही तो दूध तापवायला वापरतात. कन्व्हेक्शनवर आधी तापवून घेतला की तो ओटीजीचंच काम करतो. मात्र साध्या मायक्रोवेव्ह मोडला फॉइल किंवा स्टीलची ताटली आत जाणार नाही, हे नऊ वर्षांच्या चिरंजीवांना तोंडपाठ करून घ्या.

आत्ता फ्रीझरमध्ये पूर्ण भाजलेले तुकडे असतील तर ते टाकू नका, तेही सुधारतात. ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांना गोठलेलेच ठेवून दहा मिनिटं. एअर फ्रायर असेल तर १६० ते १७० ला पाच-सहा मिनिटं; जास्त ठेवलं तर वरचं चीज वाऱ्याने उडतं, माझं फ्रायरच्या जाळीला चिकटलं होतं. तव्यावर करायचं तर मंद आच, झाकण, पाच मिनिटं. मग तव्याच्या मोकळ्या कडेला पाण्याचा बारीकसा हबका आणि लगेच झाकण, म्हणजे वाफेने चीज वितळतं. शेवटी झाकण काढून मिनिटभर, बूड कुरकुरीत होईपर्यंत. हबका पिझ्झ्यावर नाही, तव्यावर. आणि मायक्रोवेव्हच हाताशी असेल तर निम्म्या पॉवरवर जेमतेम वितळेपर्यंतच, पुढचं काम तव्याचं. मध्यभागी बोट लावल्यावर चटका बसला पाहिजे, नुसतं कोमट नको. किती खाणार तेवढेच तुकडे काढा. एकदा गरम केलेला पुन्हा आत ठेवायचा नाही.

फ्रीझरबद्दल एक चौकशी करायची राहिली. तुमचा फ्रिज एका दाराचा आहे की दोन? एका दाराच्या फ्रिजमधला वरचा छोटा कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. आइस्क्रीमचा डबा ठेवून बघा. दगडासारखं राहिलं तर ठीक. चमचा सहज रुतत असेल तर तुमचा पिझ्झा महिनाभर नाही, आठवडाभरच ठेवायचा. शिवाय या फ्रिजांना डीफ्रॉस्टचं बटण असतं. बर्फ साचला म्हणून कोणीतरी ते दाबतं आणि आतलं सगळं वितळून बसतं, मग रात्री पुन्हा गोठतं, आणि आपल्याला पत्ता नाही. हे बटण घरात कोण दाबतं आणि कधी, ते विचारून घ्या. वीज गेली तर दार उघडून बघू नका. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद असेल तर साधारण दोन दिवस थंडी धरतो, निम्मा भरलेला एक दिवस. म्हणजे सासूबाईंचा नारळ तुमच्या पिझ्झ्याची राखणच करतो आहे. (हे मात्र त्यांना जरूर सांगा.)

बाहेरून मागवण्याचं काय? मागवा की. महिन्यातून एखाद्या बुधवारी मागवलात तर आभाळ कोसळणार नाही, आणि महिनाअखेरीच्या कामात तुम्ही नऊला घरी पोचत असाल तर मी म्हणेन, मागवाच. आपल्याकडे मोठ्या पिझ्झा कंपन्या आल्या १९९६ मध्ये; तुमच्या मुलांच्या पिढीला पिझ्झा वरण-भाताइतकाच ओळखीचा आहे, तो पाहुणा राहिलेला नाही. पण दर बुधवारी चौघांचं बिल देण्याऐवजी तुम्ही रविवारचे दोन तास देता, हा तुमचा हिशोब मला पटतो. फक्त ते दोन तास एकट्या तुमचेच का, हे मला पत्रात कुठे सापडलं नाही. रविवारी नवरा घरी असतो असं तुम्हीच लिहिलं आहे. बेस लाटून, टोचे मारून, तारखा घालणं याला बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही.

आणि फ्रीझर हा शब्दच घरात वादाचा झाला असेल, तर अजून एक वाट आहे, मला स्वतःला तीच सगळ्यात आवडते. यीस्ट कमी घ्या, अर्ध्या किलोला २ ग्रॅमच्या आसपास, आणि मळलेलं पीठ तेल लावलेल्या डब्यात झाकून फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा. डबा दुपटीने मोठा घ्या, नाहीतर झाकण उडेल. थंडीत ते हळूहळू आंबतं आणि रविवार ते बुधवार या तीन दिवसांत त्याला जी चव येते ती तासाभरात फुगवलेल्या पिठाला येत नाही. डोशाचं पीठ सासूबाई फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवतच असतील. हे त्याच जातीचं आहे, त्यात बर्फ नाही, आणि पिझ्झा बुधवारी ताजाच भाजला जातो. अडचण एवढीच की ते पीठ लाटण्याआधी दीड-दोन तास बाहेर काढावं लागतं. साडेसहाला घरात कोण असतं? सासूबाई. त्यांना आठवणीने डबा बाहेर काढायला सांगणं म्हणजे कामाला लावणं नव्हे. उलट पीठ नीट आलंय की नाही हे त्या तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील, पन्नास वर्षं आंबवलेली पिठं बघितली आहेत त्यांनी. पण हे तुम्ही ठरवा. त्यांचा स्वभाव मी पत्रातून ओळखू शकत नाही.

तुम्ही शेवटी ताजा कलम लिहिला आहे की सासूबाईंनी तुमचा पिझ्झा आजवर एकदाही चाखलेला नाही, कारण त्या चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत आणि एरवीही ‘मला नको गं ते रबर’ म्हणतात. रबर होता हे तर आपण मान्यच केलं. पुढच्या रविवारी सॉस करताना कांदा-लसूण न घातलेला थोडा सॉस बाजूला काढा, टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन-चार तुळशीची पानं एवढाच. बर्फाच्या ट्रेच्या एका टोकाला चार खणांत तो भरा आणि पिशवीवर चिठ्ठी लावा. बेसही एक वाटीएवढा छोटा करा, आणि त्याच्या कडा जाड ठेवू नका, त्यांना चावायला त्रास होईल.